सुमी गोटी कोठे शोधेल?

समजा, घोडपदेवच्या एका चाळीत सुमी आपली गोटी टोपलीत ठेवून नळावर पाणी भरायला गेली. तेवढ्यात गंगूने ती काढून पत्र्याच्या डब्यात लपवली. परत आल्यावर सुमी गोटी प्रथम कोठे शोधेल? अर्थात टोपलीत! गोटी हलवल्याचे तिला ठाऊकच नाही.

असाच खेळ दोन बाहुल्यांकरवी मुलांना दाखवून सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न विचारला. त्यांचा प्रयोग १९८५ साली प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण २७ मुलांपैकी २३ आणि डाउन सिंड्रोम असलेल्या १४ पैकी १२ मुलांनी बरोबर उत्तर दिले. स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेल्या, २० मुलांपैकी १६ जणांनी मात्र गोटी खरोखर होती ती जागा दाखवली.

गोटी आधी कोठे होती व आता कोठे आहे, हे सर्वांनाच अचूक सांगता आले. स्वमग्न मुलांचे सरासरी बौद्धिक वयही इतरांहून अधिक होते. म्हणजे अडचण स्मरणाची वा बुद्धीची नव्हती. दुसऱ्याच्या मनातली समजूत ओळखण्याची होती.

तरी चौघांनी बरोबर उत्तर दिलेच! एका चाचणीवरून स्वमग्नता ठरत नाही. शिवाय, दुसऱ्याचा विचार न ओळखता येणे म्हणजे माया नसणे नव्हे. २०१२ साली, स्वतः स्वमग्न असलेले संशोधक डेमियन मिल्टन यांनी दाखवून दिले, की इतरांनाही स्वमग्न माणसाचे मन सहज उमगत नाही. गैरसमज दुतर्फा असतो.

तेव्हा वर्गातल्या एखाद्याला थट्टा कळली नाही, तर त्याला हट्टी किंवा मठ्ठ म्हणू नका. आपले म्हणणे सरळ, स्पष्ट शब्दांत सांगा आणि त्याचेही ऐकून घ्या.