जुनी पेन्शन, नवी पेन्शन आणि आपल्या घरची नोकरदार माणसे



आपल्या कार्यक्षेत्रात असे घर क्वचितच सापडेल, की ज्यातला एखादा मुलगा, सून वा जावई झेडपीच्या शाळेत मास्तर नाही, तलाठी नाही किंवा सरकारी दवाखान्यात नर्स नाही. रानात ऊस लावायचा आणि एका पोराला नोकरीला लावायचे, ही आपल्याकडची घर चालवण्याची रीतच झाली आहे. त्यामुळे पेन्शनचा वाद पारावरच्या गप्पांपुरता नाही, तो घरातल्या हिशेबाचा आहे.

राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे जुनी पेन्शन मिळते. पूर्ण सेवा झालेल्याला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता आणि माणूस गेल्यावर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. यासाठी पगारातून पैसाही कापला जात नाही, आणि सरकारही त्यासाठी वेगळा फंड साठवीत नाही. त्या त्या वर्षीची पेन्शन त्या त्या वर्षीच्या तिजोरीतून जाते. खर्च वाढत जाणार हे दिसू लागल्यावर केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या भरतीसाठी हा रस्ता बंद केला.

नवी योजना कशी, हे ऊस उत्पादकाला समजावून सांगणे सोपे आहे. जुनी पेन्शन म्हणजे एफआरपी. साखरेचा भाव पडो की चढो, ठरलेला दर मिळालाच पाहिजे. नवी पेन्शन म्हणजे साखर विकेल तसा भाव. नोकराच्या पगारातून दहा टक्के कापायचे, सरकारने आपला हिस्सा घालायचा (तोही आधी दहा टक्केच होता, २०१९ पासून चौदा झाला), ते पैसे बाजारात गुंतवायचे आणि निवृत्तीच्या दिवशी जे साठले असेल ते त्याचे. त्यातले साठ टक्क्यांपर्यंत रोख हातात मिळते, निदान चाळीस टक्क्यांची विमा कंपनीकडून मासिक पेन्शन विकत घ्यावी लागते.

समजा, एकाचा शेवटचा मूळ पगार ६०,००० आहे. जुन्या नियमाने पेन्शन ३०,००० आणि वर भत्ता. नव्या योजनेत त्याचे ५० लाख साठले असे धरू. त्यातले २० लाख पेन्शनला गुंतवले आणि सहा टक्के मिळाले, तर महिन्याला १०,००० येतील. महागाई वाढली म्हणून त्यात एक रुपया वाढणार नाही. हातात ३० लाख रोख राहतात, हेही खरे. पण गावाकडे ३० लाख रोख किती दिवस रोख राहतात, हे ज्याचे त्याला ठाऊक! मुलीचे लग्न आणि घराचा स्लॅब त्याचीच वाट पाहत असतात.

खरी झळ बसली ती नोकरीतच दगावलेल्यांच्या घरांना. सात-आठ वर्षे नोकरी झालेला तरुण शिक्षक अपघातात गेला तर खात्यात साठलेले असणार किती? त्याच्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन नव्हते. २०१८ साली शासनाने दहा वर्षांच्या आत मयत झालेल्यांच्या कुटुंबास दहा लाख रुपये सानुग्रह देण्याचे ठरवले, आणि २०२३ च्या मार्चअखेर अशा कुटुंबांना कुटुंब निवृत्तिवेतन लागू केले. ही सवलत मिळायला सतरा वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तीही संपानंतर.

१४ ते २० मार्च २०२३ चा तो संप आपल्याला चांगलाच आठवतो. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत लाखो कर्मचारी बाहेर पडले, आणि नेमकी त्याच दिवसांत अवकाळी व गारपीट झाली. पिके आडवी झाली आणि पंचनाम्याला माणूस नाही. त्या वेळी शेतकऱ्यांनी राग काढला तो गैर नव्हता. मात्र नर्सबाईची मागणी त्यामुळे खोटी ठरत नाही.

राजस्थान, हिमाचल यांसारख्या काही राज्यांनी संपाआधीच जुन्या पेन्शनकडे परतायचे ठरवले होते. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये मधला मार्ग जाहीर झाला: कपात चालूच राहील, पण शेवटच्या पगाराच्या पन्नास टक्के पेन्शन व भत्ता, आणि मागे राहिलेल्याला त्याच्या साठ टक्के. केंद्राची एकीकृत योजना १ एप्रिल २०२५ पासून सुरू झाली तीही याच धर्तीची. तिथे पूर्ण पन्नास टक्क्यांना पंचवीस वर्षांची सेवा लागते. म्हणजे पुन्हा एफआरपी आली, फक्त बियाण्याचा काही खर्च आपला.

"आणि आमच्या कारखान्याच्या कामगाराचे काय?" असे कोणी विचारील. तो १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत येतो. तिथे पेन्शनसाठी धरायच्या पगाराची मर्यादा २०१४ साली १५,००० केली. पूर्ण तीस वर्षे त्या मर्यादेने धरली आणि दोन वर्षे वाढीव मिळाली, तरी महिन्याला सात हजारांच्या आतच रक्कम येते. भत्ता नाही. बॉयलरवर जन्म काढलेल्या माणसाशी तुलना केली, की सरकारी नोकरांच्या मागणीकडे आपले सभासद वाकड्या नजरेने का पाहतात ते कळते. आणि बांधावरच्या माणसाला तर तेवढेही नाही.

तूर्त, पोरगा किंवा सून सुट्टीला घरी आली की दोन गोष्टी विचारून घ्या. सुधारित योजनेचा पर्याय कार्यालयात लेखी दिला आहे का? आणि पेन्शन खात्याला (त्याच्या नंबरला 'प्राण' म्हणतात, नावही नेमके पडले आहे) वारस म्हणून कोणाचे नाव आहे? लग्नाआधी लावलेले वडिलांचे नाव तसेच राहिले असेल, तर ते आधी बदलून घ्यायला सांगा.