वारा काही लहान होत नाही

२१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालेल्या ‘कौंडिण्य’ जहाजाची छायाचित्रं गाजली. शिडांवर गंडभेरुंड, नाळेवर सिंहयाळी आणि खिळ्यांऐवजी काथ्यानं शिवलेल्या फळ्या! अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून घडवलेलं हे जहाज पाहून शिप मॉडेलिंगवाल्यांचे हात शिवशिवले नसते तरच नवल. असे हात बंगळूरला कमी नसावेत: तिथं कर्नाटक-गोवा एनसीसी संचालनालय आहे, आणि एनसीसीच्या नौसैनिक शिबिरात शिप मॉडेलिंगची स्पर्धाच असते.

मॉडेलसाठी १:५० प्रमाण धरलं की फळी, डोलकाठी, सुकाणू सगळं पन्नासनं भागून मिळतं. वाऱ्याला मात्र भागता येत नाही.

गणित सोपं आहे. वाऱ्याचा वेग तोच राहिला, तर जहाज कलंडवणारा जोर लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. कारण शिडाचं क्षेत्रफळ वर्गात आणि त्याची उंची एकपट. सावरणारा जोर मात्र चौथ्या घातात, कारण वजनच घनात बदलतं आणि अंतर पुन्हा एकपट. म्हणजे दहापट लहान मॉडेल कलंडायला दहापट सोपं. बंगळूरच्या उल्सूर तलावावर ताशी १५ किलोमीटरची झुळूक आली, तर १:५० मॉडेलच्या लेखी तिला पन्नासच्या वर्गमुळानं, म्हणजे सुमारे सातानं गुणायचं; ते ताशी १०० किलोमीटरहून जोरदार वादळ ठरतं.

हा वर्गमुळाचा हिशेब विल्यम फ्रूडचा. नामवंत अभियंता ब्रुनेलच्या हाताखाली रेल्वेचं काम केलेला हा इंग्रज अभियंता. त्यानं १८६७ साली डार्ट नदीत ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ या दोन घडणींची ३, ६ आणि १२ फुटी मॉडेलं ओढून पाहिली. टोकदार रेव्हनच सरस ठरणार, अशी तेव्हाची समजूत. पण वेग वाढल्यावर फुगीर स्वान सरस ठरली! मॉडेलवरून जहाजाचं भाकीत करता येतं, याबद्दल तज्ज्ञ नाकं मुरडत होते. १८७१ मध्ये ‘ग्रेहाउंड’ हे खरं जहाज ओढून त्यानं पडताळा दिला. 

वारा लहान होत नाही म्हणून पाण्यात सोडायच्या मॉडेलला पोटाखाली शिसं लावावं लागतं. रिमोटवर धावणाऱ्या आंतरराष्ट्रीय ‘वन मीटर’ वर्गातल्या नौकेचं वजन किमान ४ किलो. त्यातले सुमारे अडीच किलो तळाच्या पात्यात आणि शिशाच्या गोळ्यात! शिवाय वाऱ्यानुसार बदलायला शिडांचे तीन संच.

कापडही लहान होत नाही. शर्टाचं पाव मिलिमीटर जाडीचं सुती कापड १:५० मॉडेलवर चढवलं, तर खऱ्या जहाजावर ते सव्वा सेंटिमीटरचं, म्हणजे प्लायवूडचं शीड झालं. म्हणून जाणकार तलम मलमल घेतात, धुऊन खळ काढतात, चहाच्या पाण्यात रंगवतात. कापड तिरकं ताणलं की सैलावतं, त्यामुळे शिडाची मोकळी कड ताण्याच्या धाग्याला समांतर ठेवून कापायची. दोरीचंही तेच: १ मिलिमीटरचा दोरा म्हणजे ५ सेंटिमीटरचा दोरखंड. शिवाय सुती दोऱ्यावर लव असते. मेणाच्या वडीवरून दोनदा ओढला की ती बसते आणि दमट हवेचा त्रासही कमी होतो.

‘कौंडिण्य’च्या घडणीची चाचणी आयआयटी मद्रासमध्ये मॉडेलवरच झाली, लाकडी डोलकाठ्यांचा अभ्यास नौदलानं स्वतः केला. तेव्हा पाचव्या शतकातलं जहाज ‘जसंच्या तसं’ अवतरलं, या बातम्यांवर जरा हात राखूनच विश्वास ठेवावा. हाताशी नकाशे नव्हते, होतं एक सपाट चित्र. त्यातून दोर-शिडांची रचना काढणं हे उत्तम अनुमान आहे, आणि त्याचं श्रेय कारागिरांना व अभियंत्यांना द्यायला हवं.

मॉडेल करायला घेणाऱ्यांनी आधी एवढं ठरवावं: कपाटात ठेवायचं की पाण्यात सोडायचं? पाण्यात सोडायचं असेल, तर पात्याची खाच सांगाड्यातच ठेवा. नंतर ती पाडणं फार अवघड.