व्यसनमुक्ती आणि गावचा औषधविक्रेता

कोगनोळी हे हमरस्त्यावरचे गाव. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दुखणेकरी पुष्कळदा औषधाच्या दुकानाची पायरी चढतो. म्हणून अफूच्या जातीच्या औषधांचे व्यसन सोडविण्यास दुकानदाराचा उपयोग कसा होईल, याचा आम्ही येथे थोडक्यात विचार करीत आहोत.

खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन व वेदनाशामक ट्रामाडॉल ही याच जातीची. ट्रामाडॉल २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. चिठ्ठीवाचून ती विकू नयेत हे खरेच. पण नुसत्या नकाराने व्यसन सुटत नाही. औषध एकाएकी तुटले की अंग मोडून येते, जुलाब होतात, झोप उडते. काही दिवसांच्या खंडानंतर जुनीच मात्रा घेतली, तर श्वास थांबून प्राणही जातो.

यावर ब्युप्रेनॉर्फिन हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित दिल्यास तलफ आवरते व माणूस कामाला लागतो. आपल्याकडे ते व्यसनमुक्ती केंद्रांतून देतात. परंतु रोजगार बुडवून लांब जाणाऱ्याचे उपचार मध्येच सुटण्याचा धोका असतो. इंग्लंडात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधविक्रेता मेथाडोनची मात्रा आपल्यासमक्ष पाजतो. तसे येथे होण्यास कायद्याची मुभा व प्रशिक्षण दोन्ही हवीत.

तोवर दुकानदाराने एवढे तरी करावे : वारंवार तीच बाटली मागणाऱ्यास बाजूला घेऊन आपुलकीने विचारावे आणि १४४४६ हा सरकारी मदतक्रमांक द्यावा. घरच्यांनीही हा आजार समजावा, लपवू नये, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.