चौकटीतली माणसं (भाग १२) : वेताळाचं वतन आणि एक चष्मेवाला

कबूल केल्याप्रमाणे आज आर्ट स्पीगलमनच्या कॉमिकमधल्या उंदरांची पाळी होती. ते आता पुढच्या ऐतवारी. किनवटच्या एका शिक्षिकाबाईंचं पत्र आलंय. वर्गातली पोरं सुपरहिरोशिवाय दुसरं कॉमिक हातात धरत नाहीत, ही त्यांची तक्रार. आणि खाली ता. क. म्हणून एकच ओळ : आमच्या लहानपणीचा वेताळ तुम्ही कुठल्या खात्यात टाकता?

तक्रारीचं उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. ता. क.नं मात्र माळ्यावर चढायला लावलं.

आमच्या गावी, तलमडुगुत, वेताळ दोन होते. पहिला चांदोबातला, झाडाला लटकणाऱ्या प्रेतातला. चांदोबा मद्रासहून यायचा. शेजारी तेलुगू चंदामामा यायचा, आमच्याकडे मराठी, आणि चित्रं दोन्हीत तीच. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेऊन निघालेला चित्रकार शंकर यांचा तो विक्रम राजा दोन्ही घरांत एकाच ऐटीत चालायचा. मी तेलुगू वाचायला शिकलो ते दोन्ही अंक ओसरीवर शेजारी शेजारी ठेवून. त्यामुळे आदिलाबादच्या बसस्टँडवरून मामानं 'वेताळ' आणला म्हटल्यावर मी प्रेताची वाट बघत होतो. निघाला घट्ट कपड्यांतला, कमरेला दोन पिस्तुलं लावलेला, बुरखेवाला गोरा माणूस. मी दोन दिवस रुसलो होतो.

हा दुसरा वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम. जन्म फेब्रुवारी १९३६, अमेरिकन वर्तमानपत्रात. सुपरमॅन आला १९३८ साली. अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळं न दिसणारा बुरखा या दोन्ही गोष्टी वेताळानं आधी घातल्या, सुपरहिरोंनी मागून उचलल्या. पण त्याच्यात शक्ती कुठली? उडत नाही, गोळी लागली तर रक्त येतं, म्हातारा होऊन मरतोसुद्धा. मग मुलगा बापाचा बुरखा चढवतो आणि जंगलाला वाटतं, हा तोच, चारशे वर्षांचा. आपल्या गोष्टीतला हा एकविसावा. बाई, याला आपल्याकडे सुपरहिरो म्हणत नाहीत, वतनदार म्हणतात.

आणि वतनदारीची खोटही त्याच्यात आहेच. आफ्रिकेच्या जंगलात राहणाऱ्यांना राखणारा एक गोरा, तोही पिढीजात. आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट वाचताना जरा अडखळायला होतं, कारण अमेरिकेत वेताळाची पहिली वर्षं छापली जात होती तेव्हा इथे गोंडांचा नेता कोमरम भीम जल, जंगल, जमीन मागत निजामाशी लढत होता. १९४० साली जोडेघाटला तो मारला गेला. त्याला बुरखा नव्हता.

असो. बाईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर वेताळाजवळ नाहीच, ते तो ज्या पुस्तिकेतून आला तिच्याजवळ आहे. टाइम्स ऑफ इंडियानं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, ते १९९० पर्यंत चाललं. मराठीतही यायचं. त्यातला बहुतेक माल अमेरिकन वर्तमानपत्रांच्या पट्ट्यांचा होता, कॉमिक-मासिकांचा नव्हे. माझा सगळा मुद्दा या फरकात आहे. अमेरिकन कॉमिक-मासिकांसाठीची १९५४ ची नियमावली मागच्या खेपेला पाहिली. तिनं गुन्हेकथा आणि भयकथा मारल्या त्या मासिकांतल्या. वर्तमानपत्राच्या पट्ट्यांना ती लागूच नव्हती. तिकडे मासिकांत पुढे सुपरहिरोंचं रान माजलं, पण पट्ट्यांमध्ये डिटेक्टिव्ह, वैमानिक, जादूगार सुखानं नांदत राहिले, आणि आपल्याकडे आले ते हेच. जादूगार मँड्रेक, रॉय क्रेनचा वैमानिक बझ सॉयर, केरी ड्रेक. म्हणजे सुपरहिरोंना वगळून पाश्चात्त्य कॉमिक्स कुठे शोधायची हा प्रश्न आज पडतोय, पण आमच्या पिढीला ती न शोधताच मिळाली होती.

पट्टी पुस्तिकेत घालायची म्हणजे मात्र कसाबकाम. रोजच्या पट्टीत तीन-चार चौकटी. काल ज्यानं पेपर घेतला नाही त्याच्यासाठी पहिल्या चौकटीत कालचंच पुन्हा सांगायचं, शेवटच्या चौकटीत उद्यासाठी टांगून ठेवायचं. महिनोन्महिने चाललेली अशी गोष्ट एका पुस्तिकेत बसवताना कालचं सांगणाऱ्या चौकटी आधी उडणार. मग काही चौकटी रुंद करा, काहींच्या कडा कापा, मूळच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत रंग भरा. नावंही बदलली. वेताळाचा बंगाला देश बंगालसारखा ऐकू येतो म्हणून इंद्रजालात तो डेंकाली झाला. शिवाय फुग्यांची अडचण. इंग्रजी मोठी अक्षरं सपाट, ओळीखाली ओळ दाबून बसतात. आपल्याला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. त्याच फुग्यात ओळी कमी मावतात. म्हणून मराठी वेताळ मितभाषी वाटतो. लहानपणी मला तो त्याचा रुबाब वाटायचा.

पण पोरांच्या हाती द्यायचाच तर मी वेताळ देणार नाही, रिप किर्बी देईन. अलेक्स रेमंड हा 'फ्लॅश गॉर्डन'चा चित्रकार : परग्रह, राजवाडे, तलवारी, पंख असलेली माणसं. दुसऱ्या महायुद्धात मरीन दलात गेला. परत आल्यावर मार्च १९४६ मध्ये त्यानं जो नायक काढला तो चष्मा लावतो, पाइप ओढतो आणि ठोसा मारण्याआधी विचार करतो. घरी नोकर डेस्मंड, पूर्वाश्रमीचा घरफोड्या. कुलुपाचं काम निघालं की जुनी विद्या वापरायला एका पायावर तयार. आभाळातून उतरून दिवाणखान्यात आलेला चित्रकार दिवाणखाना कसा काढतो ते या पट्टीत बघावं. दिव्याच्या उजेडाची तिरीप, कोटाची सुरकुती, दाराआड अर्धी दिसणारी बाई. सप्टेंबर १९५६ मध्ये रेमंड मोटार अपघातात गेला. पुढे जॉन प्रेंटिसनं १९९९ पर्यंत पट्टी ओढली. चांगलीच ओढली. तरी मला रेमंडची शाई ओळखू येते, असा माझा दावा आहे. मित्रांना तो मान्य नाही.

हे मिळणार कुठे? रद्दीत. आदिलाबाद, नांदेड, जिथे किलोवर कागद विकला जातो तिथे. हैदराबादला ऐतवारी सकाळी गेलात तर अबिड्सच्या फुटपाथवर बंद दुकानांसमोर जुनी पुस्तकं पसरलेली असतात. तिथे टिनटिन, ॲस्टेरिक्स मिळतात, आणि खिशात मावणारी इंग्रजी युद्धकथांची कमांडो कॉमिक्सही. मुखपृष्ठावर जाऊ नका, ते नेहमी ओरडतं. आत चौकटीच्या कडेला बारीक अक्षरांत किंग फीचर्स सिंडिकेट छापलेलं दिसलं तर ती वर्तमानपत्राची पट्टी. मी आधी तेवढंच बघतो.

माझ्याकडचा पहिला किर्बी रद्दीच्या गठ्ठ्यातून आला होता. मराठी, मागचं कव्हर नाही आणि शेवटची दोन पानंही नाहीत. गुन्हेगार कोण हे मला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. मी आळीपाळीनं सगळ्यांवर संशय घेतला, डेस्मंडवर तर दोनदा. मग एकदा अबिड्सला उकिडवा बसलो असताना तेच मुखपृष्ठ हाताला लागलं, हिंदीत. तिथेच शेवट उघडला. विकणारा म्हणाला, "लेना है तो लो, यहाँ लायब्ररी नहीं है।" घेतलं. घरी येऊन शेवटची दोन पानं सोडवली आणि मराठी पुस्तिकेला टाचली. माझा किर्बी पुस्तिकाभर मराठी बोलतो आणि गुन्हेगाराला पकडतो तेव्हा हिंदी. इकडच्या पोलीस ठाण्यातही साधारण तसंच असतं.

बाई, वर्गासाठी हवा असेल तर पाठवतो. टाचण्या जपून.