पैसे आधी, संगणक मागाहून
घरगुती संगणक टपालाने मागवण्याच्या दिवसांचा आढावा

जानेवारी १९७५च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर जो संगणक झळकला, तो आतून रिकामा होता. आल्टेअर ८८०० या यंत्राचा चालता नमुना न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीहून न्यूयॉर्कला, मासिकाच्या कचेरीकडे रवाना झाला होता. रेल्वे एक्सप्रेस एजन्सीकडून तो वाटेतच गहाळ झाला. अंक छापायला जायची वेळ जवळ आलेली. शेवटी दिवे आणि खटके बसवलेली नुसती पेटी फोटोसाठी उभी केली गेली. वाचकांना याचा पत्ता नव्हता. त्यांनी फोटो पाहिला, लेख वाचला आणि चेक लिहून पाकिटात घातले.

घरगुती संगणकाचा इतिहास आपण बहुधा कल्पक तरुणांची आणि त्यांच्या गॅरेजची कथा म्हणून ऐकतो. त्या कथेत एक मोठं पात्र गाळलं जातं. न पाहिलेल्या यंत्रासाठी, न भेटलेल्या माणसाला, शेकडो मैलांवर आगाऊ पैसे पाठवणारा गिऱ्हाईक. या उद्योगाचं पहिलं भांडवल फार मोठ्या प्रमाणात त्याच्या खिशातून आलं, असं माझं मत आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा आढावा.

आल्बुकर्कीला गेलेले चेक

आल्टेअर बनवणारी ‘मिट्स’ ही एड रॉबर्ट्स यांची छोटी कंपनी. तिचा तोवरचा मुख्य धंदा गणनयंत्रांच्या किटचा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या बड्या कंपन्यांनी गणनयंत्रांचे भाव पाडले आणि मिट्स कर्जात बुडाली. रॉबर्ट्स यांनी बँकेला आठशे यंत्रं खपतील असं सांगून आणखी कर्ज उचललं. किटची किंमत ठेवली ३९७ डॉलर. त्यात बसवलेल्या इंटेल ८०८० या एकट्या चिपचा सुटा भाव ३६० डॉलर होता. रॉबर्ट्स यांनी ती घाऊक सौद्यात ७५ डॉलरला मिळवली होती. मासिकाच्या वाचकाला चिपचा भाव तोंडपाठ असायचा, त्यामुळे हा व्यवहार किती फायद्याचा आहे हे त्याला जाहिरात वाचताक्षणी कळलं. आठशेचा अंदाज केव्हाच मागे पडला आणि मागण्या हजारांवर गेल्या. बुडणारी कंपनी तरली ती या पाकिटांवर.

यंत्रं मात्र वेळेवर निघेनात. वाट पाहणाऱ्यांपैकी बर्कलीच्या स्टीव्ह डॉम्पिअरने आपल्या मागणीचं काय झालं हे पाहायला थेट आल्बुकर्की गाठलं. अखेर हातात पडलं ते सुट्या भागांचं किट. ते त्याने स्वतः जोडलं आणि १९७५च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या बैठकीत रेडिओजवळ ठेवून त्यावर गाणं वाजवून दाखवलं. आल्टेअरची मूळ स्मृती २५६ बाइट. जास्त हवी तर मिट्सचं ४ केबीचं मेमरी कार्ड घ्यायचं, आणि ते कार्ड धड चालत नसे. म्हणून त्याच क्लबातल्या मंडळींनी प्रोसेसर टेक्नॉलॉजी ही कंपनी काढून चांगली कार्डं विकायला सुरुवात केली. एका टपाली मालातल्या त्रुटीतून दुसरा टपाली धंदा उभा राहिला. सप्टेंबर १९७५मध्ये ‘बाइट’ मासिक सुरू झालं आणि या सगळ्यांना जाहिरातीची हक्काची जागा मिळाली.

केंब्रिजचं कूपन

ब्रिटनमध्ये हीच वाट क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी मळवली. १९६०च्या दशकापासून ते रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायरची किट टपालाने विकत होते. जाहिरातीच्या कोपऱ्यातलं कूपन कापायचं, नाव-पत्ता लिहायचा, चेक किंवा पोस्टल ऑर्डर जोडायची, ही सवय त्यांनी एका पिढीला लावली होती. १९८०च्या सुरुवातीला त्यांचा झेडएक्स ८० हा संगणक आला: किट ७९ पौंड ९५ पेन्स, तयार यंत्र ९९ पौंड ९५ पेन्स. मार्च १९८१मध्ये झेडएक्स ८१ आला आणि भाव आणखी उतरले: किट ४९.९५ पौंड, तयार ६९.९५. आधीच्या यंत्रातल्या वीसेक चिपांचं काम आता चार चिपांवर आलं होतं, म्हणून हे जमलं. रविवारच्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून जाहिराती येऊ लागल्या. संगणक नावाची वस्तू ज्यांनी कधी पाहिलीही नव्हती, त्या घरांतून कूपनं सिंक्लेअर यांच्याकडे, केंब्रिजला, जाऊ लागली.

किट घेणाऱ्याच्या वाट्याला काय यायचं ते नीट पाहण्यासारखं आहे. एक छापील सर्किटची पाटी, चार चिपा, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर, काळी प्लास्टिकची पेटी. कीबोर्ड म्हणजे सपाट पापुद्रा. त्याची कागदासारखी पातळ पट्टी पाटीवरच्या खाचेत अलगद सरकवायची. वाकली की तडकलीच. सगळं सोल्डर करून झालं की तार घरातल्या दूरचित्रवाणी संचाला लावायची, संच ३६व्या वाहिनीच्या आसपास जुळवत बसायचं. नशीब असेल तर पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात काळ्या चौकोनात पांढरा ‘के’ उमटायचा. तो दिसला की यंत्र जिवंत! स्मृती अवघी १ केबी. १६ केबीचा जोड आणखी ४९.९५ पौंडांचा, तो मागच्या बाजूला नुसता खोचलेला असे. टेबलाला धक्का लागला, जोड हलला, की तासभर टंकलेला प्रोग्रॅम गेला. लोक तो चिकटपट्टीने बांधून ठेवत आणि पुन्हा टंकायला बसत.

अशा अडचणी असूनही झेडएक्स ८१ पंधरा लाखांच्या वर खपला. थोड्याच महिन्यांत डब्ल्यू. एच. स्मिथच्या दुकानांतही तो मिळू लागला. पण हे यंत्र विकलं जाऊ शकतं हे आधी टपालाने सिद्ध केलं, दुकानं मागून आली.

‘२८ दिवसांत माल’ हे जाहिरातीतलं वचन मात्र वारंवार मोडलं. एप्रिल १९८२मध्ये स्पेक्ट्रम हा पुढचा संगणक जाहीर झाला: १६ केबीचा १२५ पौंड, ४८ केबीचा १७५. मागण्यांचा ढीग साचला आणि लोक उन्हाळाभर वाट पाहत राहिले. जानेवारी १९८४मध्ये ३९९ पौंडांच्या क्यूएलची घोषणा झाली, तेव्हा यंत्राची रचनाच पुरती झालेली नव्हती. एप्रिल सरता सरता पहिली यंत्रं निघाली ती पाठीला एक जास्तीची पाटी लटकलेल्या अवस्थेत, कारण यंत्राची प्रणाली आत मावत नव्हती. विश्वासाच्या जोरावर उभा राहिलेला धंदा विश्वास गृहीत धरू लागला की काय होतं, ते क्यूएलने दाखवलं. ते यंत्र बाजारात कधीच नीट रुजलं नाही.

जाडजूड अंकांचा बाजार

अमेरिकेत या बाजाराने वेगळं रूप घेतलं. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएम पीसी आला. त्याची रचना खुली होती. कोणाचंही कार्ड त्याच्या खाचेत बसे. पुढे फिनिक्स कंपनीने आयबीएमशी जुळणारा बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा पायाभूत प्रोग्रॅम, कोणालाही विकायला काढला आणि नकलांचा पूर आला. भाग एकमेकांना चालतात म्हटल्यावर ते कोणत्या गावातून येतात याला महत्त्व उरलं नाही. न्यू हॅम्पशरमधल्या मार्लो नावाच्या खेड्यातून १९८२मध्ये पीसी कनेक्शन हा टपाली विक्रीचा धंदा सुरू झाला.

या बाजाराचा आरसा म्हणजे ‘कॉम्प्युटर शॉपर’. १९७९मध्ये फ्लोरिडातल्या टायटसव्हिलमधून निघालेलं हे मोठ्या आकाराचं मासिक ऐन भरात आठशेवर पानांचं होई, आणि त्यातली बहुतेक पानं जाहिरातींची असत. एकेका पानावर बारीक टाइपात भावांचे रकानेच्या रकाने. मेमरी घ्यायची तर सुट्या चिपा. त्याही नऊच्या संचात, कारण आठ माहितीच्या आणि नववी चूक पकडणारी. चिपेच्या नावापुढे १५०, १२० असे आकडे. तो नॅनोसेकंदातला वेग. कुठे किमतीच्या जागी नुसतं ‘फोन करा’, कारण भाव छापून होईतो बदललेला असे. हे अंक वाचता वाचता लोक संगणकाची रचना शिकले. दुकानात विक्रेता सांगेल ते घ्यावं लागतं. इथे गिऱ्हाइकालाच ठरवायचं होतं, त्यामुळे त्याला अभ्यास करणं भाग पडलं. मला या काळाची सर्वांत मोठी देणगी हीच वाटते.

स्वस्ताईमागे कायद्याचंही कारण होतं. ज्या राज्यात विक्रेत्याचं दुकान किंवा कचेरी नाही, त्या राज्याचा विक्रीकर त्याने गोळा करायची सक्ती नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७मध्ये दिला होता. १९९२मध्ये तो मूलतः कायम राहिला आणि २०१८मध्ये फिरला. हजार-दोन हजार डॉलरच्या यंत्रावर वाचलेला कर टपालखर्चाहून सहज जास्त भरे.

फसवणूक होतीच. पैसे घेऊन बंद पडणाऱ्या कंपन्या होत्या, जुना माल नवा म्हणून पाठवणारे होते. त्यावर अमेरिकी फेडरल ट्रेड कमिशनने १९७५मध्ये नियम केला: कबूल केलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत माल रवाना करा, जमत नसेल तर गिऱ्हाइकाला कळवा आणि मागणी रद्द करून पैसे परत घेण्याची मुभा द्या. ब्रिटनमध्ये जाहिरातदार कंपनी बुडाली तर वाचकाला भरपाई देणाऱ्या योजना नियतकालिकांच्या प्रकाशकांनी चालवल्या. लोकही शहाणे झाले. पैसे क्रेडिट कार्डाने द्यावेत, म्हणजे तंटा झाला तर बँकेकडे दाद मागता येते. माल निघेपर्यंत कार्डावर रक्कम टाकणार नाही ना, हे फोनवर विचारून घ्यावं. माल परत करण्याआधी आरएमए, म्हणजे परतीच्या परवानगीचा, क्रमांक मागून तो खोक्यावर ठळक लिहावा. ही जाण अनुभवातून आली आणि मासिकांच्या पत्रव्यवहारातून पसरली.

हॉस्टेलची खोली, शेतावरचं घर

१९८४मध्ये मायकेल डेल ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात शिकत असताना वसतिगृहाच्या खोलीतून ‘पीसीज लिमिटेड’ या नावाने धंदा करू लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी टर्बो पीसी हे स्वतःचं यंत्र ७९५ डॉलरला काढलं. मागणी आली की यंत्र जोडायचं, आधी जोडून साठा करायचा नाही, ही त्यांची पद्धत. १९८५मध्ये आयोवात, सू सिटीजवळच्या एका शेतावर टेड वेट आणि माइक हॅमंड यांनी गेटवे २००० सुरू केली. वेट यांच्या आजीच्या ठेवीवर काढलेलं दहा हजार डॉलरचं कर्ज हे त्यांचं भांडवल. पुढे गेटवेची खोकी होल्स्टाइन गाईच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी रंगली. शेतकरी मुलखाची ही खूण शहरी कंपनीला सुचली नसती.

या कंपन्यांनी सिंक्लेअरच्याच मार्गाला शिस्त लावली. पैसे आधी, माल मागाहून हा क्रम तोच राहिला, पण मधलं अंतर महिन्यांवरून दिवसांवर आलं. गिऱ्हाइकाच्या पैशातून भाग घ्यायचे, पुरवठादाराचं बिल नंतर चुकवायचं. डेलचं जगड्व्याळ साम्राज्य या साध्या हिशेबावर वाढलं.

विक्रेत्याचा विश्वास

विश्वास दुसऱ्या बाजूनेही टाकला गेला, त्याची नोंद क्वचितच होते. १९८२च्या सुमारास अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी ‘पीसी-टॉक’ आणि ‘जिम बटन’ या नावाने ओळखले जाणारे जिम नॉफ यांनी ‘पीसी-फाइल’ हे प्रोग्रॅम खुले सोडले. घ्या, वापरा, मित्रांना द्या. उपयोगी पडले तर अमुक रक्कम टपालाने पाठवा. आणि लोकांनी खरोखर पैसे पाठवले! शेअरवेअरचा हा पंथ पुढे खेळांपर्यंत गेला. डिसेंबर १९९०मध्ये ‘कमांडर कीन’चा पहिला भाग अपोजी कंपनीने फुकट वाटला आणि उरलेल्या भागांसाठी मागण्या आल्या. त्या कमाईने खेळ लिहिणाऱ्या तरुणांना नोकरी सोडून आयडी सॉफ्टवेअर उभी करण्याचं बळ दिलं.

आपल्याकडची व्ही.पी.

भारतात टपालाने माल मागवणं जुनंच. व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे व्ही.पी., १८७७मध्ये सुरू झाली. पुस्तकं आणि औषधं व्ही.पी.ने मागवणाऱ्या पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. संगणक मात्र या वाटेने आला नाही. आयातीचे निर्बंध आणि जबर जकात आड होती. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणानंतर दार किलकिलं झालं आणि १९८६मध्ये डेसिबेल्स कंपनीने परवान्याखाली डीबी स्पेक्ट्रम प्लस इथे विकायला आणला. पुढे मुंबईकरांचा संगणक जोडला गेला तो लॅमिंग्टन रोडवर: चार दुकानं फिरून, घासाघीस करून, माल डोळ्यांदेखत चालवून बघून. व्ही.पी.तही पैसे पार्सल दारात आल्यावरच द्यायचे. आपला विश्वास समोरासमोरचा होता. म्हणूनच २००७मध्ये पुस्तकविक्रीपासून सुरू झालेल्या फ्लिपकार्टने २०१०मध्ये ‘माल हाती आल्यावर पैसे’ ही सोय दिली, तेव्हा ती इथे लगेच रुजली. व्ही.पी.चंच तत्त्व नव्या वेषात परतलं होतं.

हिशेब

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय हा ३५ डॉलरचा संगणक विक्रीला आला. जन्मस्थान पुन्हा केंब्रिज. मागण्यांच्या गर्दीने विक्रेत्यांची संकेतस्थळं कोलमडली, पहिली दहा हजार यंत्रं हातोहात संपली आणि पुढचे लोक नंबर लावून थांबले. कूपन गेलं, चेक गेला, तरी न पाहिलेल्या वस्तूवर पैसे लावणारा माणूस तोच होता.

आगाऊ पैसे देणाऱ्या या लाखो लोकांना कुठल्याही कंपनीत हिस्सा मिळाला नाही. फायदा झाला तो कंपनीला आणि विलंब सोसला तो गिऱ्हाइकाने. तरी त्यांच्यातल्या पुष्कळांनी त्या अर्धवट यंत्रांवर प्रोग्रॅमिंग शिकून पुढचे उद्योग, खेळ आणि शाळेतले वर्ग घडवले. संगणकाच्या इतिहासात संशोधकांची नावं मोठ्या अक्षरांत येतात, ती यावीतच. त्यांच्या शेजारी या गिऱ्हाइकांना जागा द्यायला हवी. जोखीम त्यांनीही घेतली होती, आणि संशोधकाला आपलं यंत्र निदान माहीत तरी होतं. यांनी ती घेतली ती केवळ एका छापील पानाच्या भरवशावर. ज्यांच्याकडे त्या काळच्या पावत्या, पत्रं, जाहिरातींची कात्रणं उरली आहेत, त्यांनी ती जपावीत आणि आपला अनुभव लिहून काढावा. या उद्योगाचे पहिले गुंतवणूकदार कोण होते, याचा पुरावा त्याच कागदांत आहे.