शंकेच्या दिवसांतली श्रद्धा

आपल्या अंकात गणपती, दिवाळी, वारी यांवर भरपूर लिहून येते आणि मी ते आवडीने वाचते. मी मूळची वसईची, मराठी कॅथलिक. आमच्या घरात बोलणे मराठीत, प्रार्थना मराठीत, आणि गावच्या चर्चमधली मिस्साही मराठीत. नोकरीनिमित्त हैदराबादेत आले आणि मंडळामुळे पुन्हा आपली माणसे मिळाली. मंडळात गप्पा मारताना एक प्रश्न मला बरेचदा विचारला जातो : "तुमच्यात देवाबद्दल शंका घेतलेली चालते का गं?"

विचारणाऱ्याला बहुधा वाटत असते की चर्चमध्ये सगळे ठरलेले असते, तिथे शंकेला जागा नसणार. खरे सांगायचे तर आमच्या अनेक घरांतही हाच समज आहे. त्यामुळे ज्याच्या मनात शंका येते तो गप्प बसतो. रविवारी सगळ्यांबरोबर चर्चला जातो, उठतो, बसतो, गुडघे टेकतो आणि आतून एकटा पडतो. हा लेख मुख्यतः त्या गप्प बसलेल्यांसाठी आहे. पण शंका काही एका धर्माची मक्तेदारी नाही, तेव्हा इतर वाचकांनाही यातले थोडेफार उपयोगी पडेल अशी आशा आहे.

शंका येणे हे पाप आहे का?

येशूच्या बारा शिष्यांपैकी थॉमसचे नाव अविश्वासू म्हणून बदनाम झाले आहे. येशू मरणातून उठला हे बाकीच्यांनी त्याला सांगितले, तेव्हा जखमांना हात लावून पाहिल्याशिवाय आपण मानणार नाही, असे तो म्हणाला. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्यातला एक तपशील सहज निसटतो. थॉमसची आणि येशूची भेट लगेच झाली नाही, मध्ये आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत इतर शिष्यांनी थॉमसला हाकलले नाही आणि थॉमसही रुसून निघून गेला नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यातच होता, म्हणून भेट झाली. परंपरेप्रमाणे हाच थॉमस पुढे भारतात आला. चेन्नईचे सांथोम चर्च त्याच्याच नावाचे आहे आणि ३ जुलैला त्याचा सण साजरा होतो.

कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण सांगणारा जो ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला, त्यात शंकेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, जाणूनबुजून पाठ फिरवणे. दुसरा, विश्वास ठेवायची इच्छा असूनही मन अडखळणे, प्रश्नांची उत्तरे न मिळणे, अंधारामुळे जीव घाबरा होणे. हे दोन्ही एकाच मापाने मोजायचे नसतात. आपल्यापैकी बहुतेकांची शंका दुसऱ्या प्रकारची असते.

आणि प्रश्न विचारणे हे तर मराठी ख्रिस्ती परंपरेत पहिल्यापासून आहे. मूळच्या इंग्लंडच्या आणि १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले. ते १६१६ साली छापले गेले. त्याची मांडणीच अशी की श्रोत्यांनी विचारावे आणि पाद्रीगुरूंनी सांगावे.

आधी दुखणे कुठे आहे ते पाहा

आमच्या कामात प्रोग्रॅम बिघडला की लगेच दुरुस्तीला हात घालत नाहीत. चूक नेमकी कुठे आहे ते आधी शोधतात. शंकेचेही तसेच आहे. 'माझा विश्वास उडाला' हे एकच वाक्य चार वेगवेगळी माणसे चार वेगवेगळ्या कारणांनी म्हणतात.

एखाद्याची शंका बुद्धीची असते. विज्ञान आणि श्रद्धा एकत्र नांदतील का, हा प्रश्न मला ऑफिसात अनेकदा विचारला जातो. अशा वेळी वाचन उपयोगी पडते. विश्व प्रसरण पावत आहे हे १९२७ साली गणिताने मांडणारे आणि पुढे महास्फोटाच्या सिद्धांताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठात राहणारा संन्यासी होता. यावरून देव सिद्ध होत नाही, पण दोन्हींपैकी एकच निवडावे लागते ही समजूत मात्र दूर होते.

दुसऱ्याची शंका चर्चमधल्या माणसांमुळे येते. धर्मगुरूंनी मुलांवर केलेले अत्याचार आणि वरिष्ठांनी ते दडपल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. हा राग खरा आहे आणि 'प्रार्थना कर, शांत होशील' असे सांगून तो गप्प करू नये. त्यावर उपाय न्यायाचाच. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली अशी प्रकरणे वरिष्ठांना कळवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले, ते या रागाच्या रेट्यामुळेच. पण माणसांवरचा विश्वास तुटणे आणि देवावरचा तुटणे या दोन गोष्टी आहेत, हे स्वतःशी स्पष्ट केले तर बरे पडते.

तिसऱ्याची शंका जखमेतून येते. मागितले आणि मिळाले नाही, जवळचे माणूस गेले. चौथ्याला काहीच झालेले नसते, फक्त प्रार्थना कोरडी पडलेली असते. या शेवटच्या दोघांना युक्तिवाद करून काही मिळत नाही. त्यांच्यासाठी पुढच्या दोन गोष्टी.

मदर तेरेसा आणि पुण्याचे फादर

१० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाताना मदर तेरेसांना गरिबांमध्ये जाऊन काम करण्याची हाक ऐकू आली. १९५० साली त्यांच्या संस्थेला मान्यता मिळाली. जगाला पुढचे सगळे माहीत आहे. जे माहीत नव्हते ते २००७ साली त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाल्यावर कळले. काम सुरू झाले त्याच सुमारास त्यांच्या मनातली देवाची जाणीव जणू विझली होती. १९५८ मध्ये थोडे आठवडे उजेड पडला, तेवढाच. बाकी १९९७ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे, त्यांनी आतून अंधार सोसला. ही पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. ती राहिली हे आपले भाग्य.

त्यांना मदत कोणाची झाली? फादर जोसेफ नॉयनर नावाच्या ऑस्ट्रियन येशूसंघी धर्मगुरूंची. हे आपल्या पुण्यात धर्मशास्त्र शिकवत. शंभरी ओलांडून २००९ साली ते वारले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मदरनी आपली अवस्था त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी अंधार घालवण्याचा उपाय सांगितला नाही. तसा मानवी उपाय नाही, यात तुमचा काही दोष नाही, आणि देवासाठी जीव एवढा कासावीस होतो हीच त्याच्या असण्याची खूण आहे, असे त्यांनी समजावले. ज्याची ओळखच नाही त्याची उणीव कोणाला भासत नाही. मदरचा अंधार गेला नाही, पण त्याची भीती गेली. त्यानंतरही रोज पहाटे प्रार्थना आणि मग रुग्णांची सेवा हा क्रम चालूच राहिला. २०१६ साली त्यांना संतपद मिळाले, ते या अंधारासकट.

अंधारात निर्णय बदलू नका

दुसरी गोष्ट येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची. ते मूळचे सैनिक. १५२१ साली तोफगोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या ते स्वतःच्या मनाचे चढउतार निरखू लागले. त्यातून पुढे साधनेचे जे पुस्तक तयार झाले ते १५४८ साली छापले गेले. जुन्या गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर इग्नेशियस यांचेच सोबती.

इग्नेशियस यांचा एक नियम मला फार व्यवहारी वाटतो. मन उदास आणि कोरडे असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. बरे दिवस होते तेव्हा जे ठरवले त्याला धरून राहायचे. आम्ही सॉफ्टवेअरवाले रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला तर हेच करतो. पेंगुळलेल्या डोळ्यांनी नवे काही लिहीत नाही, आधीच्या चालत्या आवृत्तीवर परत जातो आणि सकाळी शांतपणे शोध घेतो. इग्नेशियस आणखी सांगतात की अशा वेळी प्रार्थना कमी न करता थोडी वाढवावी आणि मनातले कोणातरी जाणत्या माणसाला उघड सांगावे, कारण लपवलेली व्यथा वाढत जाते.

आमच्या घरी

२०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, माझे बाबा गेले. ते रुग्णालयात असताना अकरा दिवस वसईला आणि इथे माझ्या फ्लॅटमध्ये जपमाळेची प्रार्थना चालू होती. बाबा घरी आले नाहीत. दफन मी फोनवर पाहिले. त्यानंतर प्रार्थनेचे शब्द तोंडात यायचे, पण ते कोणाला उद्देशून आहेत तेच कळेना.

आई मात्र रोज रात्री आठ वाजता जपमाळ घ्यायची आणि मला व्हिडिओ कॉल लावून फोन अल्तारासमोर टेकवून ठेवायची. एकदा मी म्हटले, "आई, मला काहीच वाटत नाही गं. नुसते शब्द म्हणतेय."

ती म्हणाली, "नको वाटू दे. अर्धं मी म्हणते, अर्धं तू म्हण. तेवढं पुरे."

जपमाळेत खरोखरच तसे असते. 'नमो मरिया' या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला बाकीच्यांनी. असे पन्नास वेळा. लहानपणापासून म्हणत आले, पण अर्धे ओझे दुसऱ्याने उचलायची ही सोय आहे हे मला तेव्हा उमगले. दीड वर्षाने २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, मी बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावली. 'बाबांना सांभाळ' असे मनात म्हणून झाल्यावर लक्षात आले की आपण हे कोणाला तरी म्हणालो. एवढेच घडले. माझे सगळे प्रश्न अजून सुटलेले नाहीत.

करून पाहण्यासारखे

प्रार्थना छोटी ठेवा, पण वेळ ठरलेली ठेवा. खोटे गोड बोलू नका. बायबलमधल्या स्तोत्रांत देवाकडे उघड तक्रारी आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. मराठीत वाचायचे तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' हाताशी ठेवा.

रविवारची मिस्सा सोडू नका. स्वतःला काही वाटत नसेल तर इतरांच्या श्रद्धेच्या आधाराने बसा. थॉमसने तेच केले.

एका माणसाला सांगा. पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूंना सांगता येते, किंवा जाणत्या मैत्रिणीला. आणि झोप, भूक, कामातले लक्ष सगळेच गेले असेल तर डॉक्टरांकडेही जा. नैराश्य हा आजार आहे, त्याला श्रद्धेची परीक्षा समजून अंगावर काढू नका.

कोणाच्या तरी उपयोगी पडा. आजाऱ्याला डबा नेऊन देण्यासाठी आधी सगळी उत्तरे मिळावी लागत नाहीत.

आणि घरातले कोणी तुम्हाला आपली शंका बोलून दाखवत असेल तर घाईने उत्तर देऊ नका, ओरडू तर मुळीच नका. त्याच्या जवळ बसा. त्याच्या वाटची अर्धी प्रार्थना काही दिवस तुम्ही म्हणा.