घरी इंटरनेट घेताना : फायबर की वायफाय?

सातबाराचा उतारा, महाडीबीटीवरील योजनांचे अर्ज, हवामानाचा अंदाज, बाजारभाव आणि मुलांचा अभ्यास, ही सारी कामे आता इंटरनेटवर होऊ लागली आहेत. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरी इंटरनेट ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. गावोगावी फिरताना "साहेब, फायबर घ्यावे की वायफाय?" असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. या प्रश्नातच एक गैरसमज आहे. तो आधी दूर करणे इष्ट होय.

पाट आणि तुषार संच

फायबर व वायफाय या एकमेकींऐवजी घ्यावयाच्या वस्तू नव्हेत. पाटाने अगर नळाने पाणी शेतापर्यंत येते आणि तुषार संच ते शेतात पसरवितो. त्याचप्रमाणे फायबर म्हणजे काचेचा तंतू इंटरनेट घरापर्यंत आणतो आणि वायफाय ते घरातल्या घरात बिनतारी पसरविते. पाटालाच पाणी नसेल तर तुषार संच कितीही उत्तम असो, पीक भिजणार नाही.

गतवर्षी वस्तीवर राहणाऱ्या एका शेतकऱ्यास याचा अनुभव आला. इंटरनेट मंद चालते म्हणून त्याने महागडे वायफाय यंत्र आणले, तरी वेग वाढला नाही. ठिबक संचाच्या अर्जाची कागदपत्रे सादर करण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. अखेर मजुरी बुडवून त्यास तालुक्याच्या गावी जावे लागले. नंतर संगणक यंत्राला तारेने जोडून पाहिला, तेव्हाही वेग तितकाच कमी आढळला. म्हणजे दोष वायफायचा नसून वस्तीपर्यंत येणाऱ्या जोडणीचा होता. ही साधी परीक्षा आधी केली असती तर खर्च वाचला असता.

खरी निवड कोणती?

इंटरनेट घरापर्यंत कोणत्या मार्गाने आणावे, हा खरा प्रश्न आहे. मुख्य मार्ग दोन आहेत.

(१) फायबर : काचतंतूतून प्रकाशाच्या रूपाने माहिती वाहते. पाऊस, झाडे अगर टॉवरचे अंतर यांचा तिला अडथळा होत नाही. एकाच वेळी अनेकांनी वापर केला तरी वेग बहुधा टिकतो. तथापि नांगरट, चर खोदणे किंवा रस्त्याचे काम यांमुळे तार तुटू शकते, आणि ती जोडण्यास कुशल माणूस व खास यंत्र लागते. २०११ साली मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेने ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचे काम हाती घेतले. परंतु तार पंचायतीत आली म्हणजे घरी आली असे नव्हे.

(२) टॉवरवरून बिनतारी जोडणी : छपरावर अगर भिंतीवर बसविलेले यंत्र टॉवरच्या लहरी ग्रहण करते. तार ओढावी लागत नसल्याने शिवारातील वस्तीस ही सोयीची असते. मात्र टेकडी व दाट झाडी आड आल्यास वेग घटतो, आणि सायंकाळी पुष्कळ लोक वापर करू लागले म्हणजेही तो कमी होतो.

पैसे भरण्यापूर्वी

१. शेजाऱ्याकडे तीच जोडणी असल्यास सकाळी व रात्री आठच्या सुमारास वेग मोजून पाहावा.
२. तार तुटल्यास दुरुस्तीस कोण येतो व किती दिवसांनी येतो, हे गावातील ग्राहकांस विचारावे.
३. बसविण्याचा खर्च, अनामत, किमान मुदत आणि ठराविक वापरानंतर वेग किती उरतो, हे लेखी घ्यावे.
४. जाहिरातीतील '१०० मेगाबिट' म्हणजे सेकंदास सुमारे १२.५ मेगाबाइट, हे ध्यानी ठेवावे.

घरातील व्यवस्था

वायफाय यंत्र घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावे. लोखंडी कपाटात ठेवू नये. जाड दगडी भिंती व पत्रे लहरी अडवितात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोचतात, ५ गिगाहर्ट्झच्या जवळच्या अंतरात अधिक वेग देतात. वीज गेल्यावर फायबरही बंद पडते, कारण घरातील यंत्र विजेवरच चालते. यासाठी छोटी बॅटरी घ्यावी, पण यंत्रावरील पट्टीवर लिहिलेला व्होल्टेज पाहूनच. काचेतून वीज वाहत नसली तरी गडगडाटाची चिन्हे दिसताच यंत्राची विजेची पिन काढून ठेवावी.

सारांश

फायबर दारापर्यंत येत असेल व दुरुस्तीची सोय जवळ असेल, तर तेच घ्यावे. वस्ती दूर असेल, तर वेग मोजून टॉवरची जोडणी पत्करावी. वायफायचा विचार त्यानंतर करावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत हा फरक समजावून सांगितल्यास अनेकांचा पैसा वाचेल आणि मुदतीच्या दिवशी कोणावर तालुक्यास धावण्याची पाळी येणार नाही.